आधी शोधून पाहिलंत का?

मला कुणी प्रश्न विचारलेला खपत नाही. म्हणूनच मी फावल्या वेळात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटत असेल, तर प्रोग्रॅमर मंडळींच्या ऑनलाइन अड्ड्यावर तुम्ही कधी फिरकलेला नाहीत. नवशिका येतो, चपला बाहेर काढतो, अंग चोरून विचारतो, "सर, माझा प्रोग्रॅम चालत नाहीये." आतून आमच्यातला कुणीतरी मान वर न करता म्हणतो, "'चालत नाही' म्हणजे नक्की काय होतं?" पोरगं गडबडतं. इकडे आमचा दिवस सत्कारणी लागतो.

राहायला मी रहाटणीत, कोकणे चौकाच्या जवळ. सकाळी आमच्या बिल्डिंगखाली दोन घोळके उभे असतात. एक हिंजवडीच्या कॅबची वाट बघणारा : गळ्यात पट्टा, कानात बोंडं, एकमेकांकडे बघायचं नाही. दुसरा चाकणच्या कंपनीच्या बसची वाट बघणारा : पायात सेफ्टी शूज, हातात डबा, आणि कुणाच्या पोराला दहावीला किती पडले ते सगळ्यांना पाठ. मी पहिल्या घोळक्यातला. तिथे उभा राहून हा माणूस रोज फोनमध्ये एवढं काय लिहितो, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर होतं : अकोल्याच्या नाहीतर सांगलीच्या एखाद्या पोराला त्याची पायरी दाखवतो.

टेलिग्रामवर आमचा एक गट आहे. मराठी मुलांना प्रोग्रॅमिंगच्या अडचणी मराठीत विचारता याव्यात, इंग्रजीच्या भीतीपायी कुणाचं अडू नये, असा उदात्त हेतू त्याच्या माहितीत लिहिलेला आहे. तो मीच लिहिला. गटाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथला ॲडमिन आहे.

काम वाढलं तशी मी तयार उत्तरांची एक फाइल केली. प्रश्न आला की फाइल उघडायची, लागू पडेल ते उचलायचं आणि चिकटवायचं. त्यातलं सगळ्यात झिजलेलं वाक्य म्हणजे "आधी शोधून पाहिलंत का?" त्याच्या खालोखाल "कोडचा फोटो टाकू नये." मग "अर्जंट लिहिल्यास उत्तर उशिरा मिळेल", मग "इथे गृहपाठ करून मिळत नाही", आणि खास आपल्या पोरांसाठी राखून ठेवलेलं, "टर्बो सी वापरत असाल तर आधी ते काढून टाका, मग बोलू."

टर्बो सीचं प्रकरण बाहेरच्यांना सांगायला हवं. बोरलँड कंपनीचं हे निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं. सी++ या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998 साली ठरलं, हे त्याच्याही आधीचं. जगानं ते केव्हाच माळ्यावर टाकलं. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये मात्र ते, नवं विंडोज आल्यावर डॉसबॉक्सचा टेकू लावून, वर्षानुवर्षं नांदत राहिलं. पोरं तिथे 'क्लिअर स्क्रीन' शिकतात, 'व्हॉइड मेन' शिकतात, घरी येऊन लॅपटॉपवर नवा कंपायलर टाकतात, आणि तो म्हणतो, या नावाचं इथे कुणी राहत नाही. मग ती आमच्या दारात येतात.

आम्हीही तिथूनच आलो होतो म्हणा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मांडीवर, निळा पडदा समोर, आणि जर्नलवर मॅडमची सही पडेपर्यंत जीव टांगणीला. पण हिंजवडीत नोकरी लागली की माणूस आपला निळा पडदा फार लवकर विसरतो.

फोटोंबद्दलचा माझा राग मात्र अस्सल होता. पोरं कोड चिकटवत नाहीत; मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो मारतात, तोही तिरका. एक फोटो मला अजून दिसतो. डावीकडे निम्मा कोड, उजवीकडे निम्मी खिडकी, मध्ये ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि नेमका एररच्या ओळीवर काचेत उमटलेला छताचा पंखा. खालच्या कोपऱ्यात स्टीलच्या ताटलीत अर्धी खाल्लेली चपाती. मी लिहिलं, "चपातीत एरर दिसत नाही." पटापट हसरे चेहरे पडले. कुणी टाळ्या टाकल्या. जुन्या मंडळींपैकी एकानं "सर, तुमचा हात कुणी धरणार नाही" असं लिहिलं, ते मी बायकोला दाखवलं. त्या पोराचा प्रश्न काय होता, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. मला तो तेव्हाही माहीत नव्हता. माझं वाक्य मात्र, बघा, जसंच्या तसं आठवतंय.

हे दुखणं आमचंच नव्हे, फार जुनं आहे. वेब यायच्या आधी यूजनेट नावाचं चर्चामंडळांचं जाळं होतं. अमेरिकेत सप्टेंबरात कॉलेजं सुरू झाली की नव्या पोरांची लाट तिथे येऊन आदळायची. जुनी मंडळी महिनाभर कपाळाला हात लावायची, मग पोरांना वळण लागायचं. पुढे अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी घरोघरचे ग्राहक आत सोडले आणि लाट ओसरेचना. जुन्यांच्या लेखी 1993 सालचा सप्टेंबर अजून संपलेला नाही. आमच्याकडे सप्टेंबर वर्षातून दोनदा येतो, सबमिशनच्या आठवड्यात. रात्री साडेअकराला "सर प्लीज, उद्या सबमिशन आहे, लिंक्ड लिस्टचा पूर्ण कोड पाठवा" असे निरोप ओळीनं येऊन पडतात, आणि मी जागा राहून एकेकाला "नाही" म्हणत बसतो. कोड पाठवून दिला असता तर निदान झोप तरी झाली असती.

माझ्या या वागण्याला शास्त्राधार होता, हे इथे नमूद केलं पाहिजे. एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रॅमरनं रिक मोएन यांच्या सोबतीनं 2001 साली एक लांबलचक निबंध लिहिला : प्रश्न शहाण्यासारखे कसे विचारावेत. काय काय करून पाहिलं ते सांगा, लक्षणं सांगा, स्वतःचे तर्क सांगू नका, तुमच्यासाठी कितीही अर्जंट असलं तरी 'अर्जंट' म्हणू नका, वगैरे. आमच्या जमातीत हा निबंध पोथीच्या जागी आहे. त्याचा दुवा मी नवशिक्यांच्या अंगावर फेकायचो, आणि ते तो वाचत नाहीत म्हणून संतापायचो. एकदा कऱ्हाडच्या एका मुलीनं तो खरंच वाचला. तिनं विचारलं, "सर, यात शेवटी उत्तरं कशी द्यावीत याबद्दलही लिहिलंय. ते आपल्या नियमांत घ्यायचं का?"

शेवटपर्यंत मी गेलोच नव्हतो. गेलो. तिथे खरंच लिहिलेलं होतं. मऊ बोला, अडचणीत सापडलेला माणूस उद्धट किंवा मठ्ठ वाटतो, पण तो तसा असेलच असं नाही. पहिल्यांदा चुकलेल्याला चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन सांगा. आणि तुम्हाला खात्री नसेल तर तसं म्हणा.

मी तिला उत्तर दिलं, "सूचनेबद्दल आभार. विचार करू." ॲडमिन 'विचार करू' म्हणतो तेव्हा पुढे काय होतं, ते सोसायटीच्या मीटिंगला बसणाऱ्यांना सांगायला नको.

त्यातली तिसरी सूचना जरी मनावर घेतली असती, तरी पुढचं टळलं असतं. डिप्लोमाच्या एका पोराचा प्रश्न आला : "सर, फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम 7 पर्यंत बरोबर उत्तर देतो. 8 दिले की उणे 25216 येतं. काय चुकतंय?" सोबत कोड, फोटो नव्हे, नीट चिकटवलेला. आज शांतपणे बघितलं तर आमच्या गटात इतका नेटका प्रश्न क्वचितच आला असेल. काय दिलं, काय आलं, कुठपर्यंत ठीक होतं, सगळं होतं. पण पहिल्याच ओळीत टर्बो सीच्या खुणा दिसल्या आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी लिहिलं, "फॅक्टोरियल उणे येतंय म्हणजे लूपमध्ये घोळ आहे. लूप आधी कागदावर चालवून बघायची सवय लावा. पाढे पाठ असतील तर 5040 गुणिले 8 हातानं करा."

पोरानं कागदावर लूप चालवला. एकेक फेरी सुवाच्य अक्षरात मांडून, खाली 40320 ला चौकट करून पाठवला. लूपमध्ये घोळ नव्हता. मग टर्बो सीच्या खुणा तेवढ्या काढून मी तोच कोड माझ्या लॅपटॉपवर चालवला. 40320. इथे कुणीही भला माणूस थबकला असता. मी लिहिलं, "माझ्याकडे बरोबर येतं. म्हणजे तुम्ही इथे एक कोड देताय आणि तिकडे दुसराच चालवताय."

म्हणजे आधी त्याला मठ्ठ म्हणून झालं होतं, आता खोटारडाही म्हटलं. पोरगं बिचारं "नाही सर" एवढंच लिहून गप्प झालं. मग सेकंड इयरच्या एका मुलानं, ज्याला मीच कधीतरी "आधी शोधून पाहिलंत का?" चिकटवलं होतं, चार ओळी लिहिल्या. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटांचा असतो. 32767 च्या वर गेला की उलटतो. 40320 वजा 65536 म्हणजे उणे 25216. लाँग वापर, 12 पर्यंत जाशील. आणि शेवटी एक अंगठा.

मी लगेच लिहिलं, "मी हेच सुचवत होतो."

त्याखाली जे हसरे चेहरे पडले ते माझ्या बाजूचे नव्हते. तेव्हा मी ॲडमिनचा अधिकार वापरून ती चर्चा बंद केली. कारण दिलं : विषयांतर.

जगातल्या बड्या अड्ड्यांवर फार वेगळं चाललं होतं असं समजू नका. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी 2008 साली स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं, तिथे तर चोख हिशेब ठेवलेला. तुमचं उत्तर कुणाला आवडलं की दहा गुण. विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं की पंधरा. दुसऱ्याच्या उत्तरावर नापसंतीचा शिक्का मारलात तर तुमच्या खिशातला एक गुण जातो. प्रश्नावर मारलात तर काहीच जात नाही. प्रश्न विचारणाऱ्याला टप्पल मारणं फुकट! हा नियम वाचला तेव्हा आपल्या स्वभावाला कुणीतरी सरकारी मान्यता दिली असं मला वाटलं. पुढे एप्रिल 2018 मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर कबूल केलं की आमच्याकडे नव्या माणसांचं, त्यातही बायकांचं, नीट स्वागत होत नाही. त्याच वर्षी वागणुकीचे नवे नियम आले, आणि नवख्याच्या प्रश्नाजवळ 'हा नवा आहे, सांभाळून घ्या' अशा अर्थाची हात हलवणारी खूण दिसू लागली. मी हळहळलो. आता दर्जा घसरणार, असं गटात लिहिलंसुद्धा.

दर्जा घसरायला पुढे वेळच मिळाला नाही, कारण नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नवशिके उठून तिकडे गेले. त्या यंत्राला रात्री अडीचला विचारा, तिरका फोटो द्या, 'अर्जंट' म्हणा, तेच ते सतरा वेळा विचारा, ते म्हणतं, "फारच छान प्रश्न!" उत्तर कधी कधी साफ चुकीचं असतं, पण बोलणं गोड. चुकीचं उत्तर तर मीही देत होतो. गोड बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

आमच्या गटात शुकशुकाट झाला. सबमिशनचा आठवडा आला आणि गेला. रात्री साडेअकराला मी फोन हातात धरून बसलेला असायचो, पण कुणी 'अर्जंट' लिहीना. फाइलमधली तयार उत्तरं पडून होती. एकदा तर मीच खोट्या नावानं एक बावळट प्रश्न टाकावा आणि मीच त्याला झाडावं, इथवर मजल गेली होती. बायको म्हणाली, "त्यापेक्षा भाजी निवडा."

अशा रिकामपणात, एका बुधवारी संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याचं भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात लहानसं वर्कशॉप आहे. प्रोग्रॅमवर चालणारं एक सेकंडहँड व्हीएमसी मशीन, एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि भिंतीवर गणपती. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे जे असतात, त्यांना माल पुरवणारे जे असतात, त्यांचं जॉबवर्क हा करतो.

"दाजी, तुम्ही प्रोग्रॅमर ना?"

हा प्रश्न त्यानं लग्नाच्या बैठकीतही विचारला होता, पण तेव्हा त्याच्या आवाजात आशा नव्हती.

अडचण अशी की मशीनला प्रोग्रॅम लावून देणारा सेटर गावच्या यात्रेला गेलेला. खेड तालुक्यातलं गाव, बैलगाडे सुटलेले, फोन लागत नव्हता. एका प्लेटचं नवीन ड्रॉइंग आलं होतं. त्यातलं पॉकेट, म्हणजे कोरायचा खळगा, दोन एमएमनं लांब झालेलं. प्रोग्रॅममधले दोन-चार आकडे तेवढे बदलायचे. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे एमआयडीसीला सुट्टी, लाइटचा भरवसा नाही. शुक्रवारी सकाळी माल चाकणला पोचायलाच हवा.

"अरे, प्रोग्रॅम तो प्रोग्रॅम," मी म्हणालो.

बायको आतून म्हणाली, "जपून हं. ते मशीन अजून हप्त्यावर आहे."

कोकणे चौकातून निघून, नाशिक फाट्याच्या पुलावर रांगेत उभा राहून मी भोसरीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मशीनपाशी ऑपरेटर उभा होता. लातूरकडचा, आयटीआय झालेला पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. मला 'सर' म्हणाला. मी खूश झालो. त्यानं पडद्यावर प्रोग्रॅम काढून दाखवला आणि मला उभ्या उभ्या शिकवणी दिली : जी 00 म्हणजे झपाट्यानं जा, जी 01 म्हणजे कापत सरळ जा, एम 03 म्हणजे स्पिंडल फिरव, एम 30 म्हणजे संपलं. एवढंच! मनात म्हटलं, याच्यासाठी लोक महिना महिना सेटरच्या मागे हिंडतात?

लांबीचे आकडे मी दोन मिनिटांत बदलले. मग माझं लक्ष टिंबांकडे गेलं. जिकडे तिकडे टिंबं. एक्स 50 आणि पुढे नुसतं टिंब. झेड उणे 5 आणि पुढे टिंब. दशांशचिन्ह दिलंय, पण त्याच्यापुढे एक आकडा नाही. असला गबाळेपणा आमच्याकडे कोड तपासताना कुणीही खपवून घेतला नसता. आलोच आहे तर प्रोग्रॅम जरा स्वच्छ करून देऊ म्हणून मी ती सगळी टिंबं पुसायला घेतली.

"सर," पोरगा म्हणाला, "मामा ते तसंच ठेवतात." मामा म्हणजे सेटर.

"का ठेवतात? विचारलंस कधी?"

तो गप्प बसला. आजकालच्या पोरांना प्रश्न विचारायची सवयच नाही, असं मी मेहुण्याला म्हणालो.

"मार सायकल," मी फर्मावलं. पोरानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मेहुण्याकडे. मग रॅपिडचा नॉब मागे फिरवून पंचवीस टक्क्यांवर आणला, आणि डाव्या हाताचा अंगठा टूल जागच्या जागी थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर ठेवला. दाबला नाही, नुसता टेकवला. नखाच्या कडेला कूलंटचं काळं मुरलेलं होतं, आणि तो अंगठा अजिबात हलत नव्हता. मला खरं तर जरा अपमानच वाटला.

दार लागलं, स्पिंडल घोंगावला, टूल वरून खाली निघालं. जॉबच्या, म्हणजे कापायच्या प्लेटच्या, वर पन्नास एमएमवर ते थांबायचं होतं. पन्नास आलं आणि गेलं. तीस. वीस. अंगठा दबला. टूल जॉबच्या वर एका बोटावर थांबलं.

गाळ्यात फक्त स्पिंडलचा आवाज. मेहुणा म्हणाला, "दाजी, काय झालं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "चालत नाहीये."

'चालत नाही' म्हणजे नक्की काय, असं तिथे कुणी विचारलं नाही. मेहुण्यानं ग्रीसचे डाग पडलेला त्याचा फोन माझ्या हातात दिला. "ग्रुपवर टाका." भोसरी-चाकण-तळेगावकडच्या सेटर लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. वर गुड मॉर्निंगची फुलं, 'सेटर पाहिजे, चाकण, रूमची सोय', जुन्या मशीनचे फोटो. मी घाईघाईनं लिहिलं : "सर प्लीज हेल्प. अर्जंट. व्हीएमसीचा प्रोग्रॅम चालत नाही. परवा माल द्यायचाय." आणि पडद्याचा फोटो मारला. तो तिरका आला. वरच्या ट्यूबचा पट्टा मधोमध उमटला. निम्मा प्रोग्रॅम बाहेर राहिला. कोपऱ्यात मेहुण्याचा उघडा डबा आला, आणि डब्यात भाकरी होती.

पहिलं उत्तर मी फोन खाली ठेवायच्या आत आलं. "आधी टूल वर घे. दरवाजा उघडू नको." दुसरं : "कंट्रोल कुठला, फॅनुक का सीमेन्स?" तिसरं : "फोटो परत काढ भावा, ट्यूब बंद करून." चौथं : "बॅटरी बदला." हा गृहस्थ, मेहुणा म्हणाला, सगळ्याच प्रश्नांना हेच सांगतो, एकदा खरंच बॅटरी गेलेली निघाली, तेव्हापासून.

आधी शोधून पाहिलंत का, असं विचारणारा येईल म्हणून मी वाट बघत होतो. आला नाही. त्याऐवजी नवा, नीट फोटो टाकल्यावर एकानं नेमकं दुखणं ओळखलं. "3401 पॅरामीटर काढ. शून्य नंबरचा बिट एक कर. मग पॉइंट नसले तरी चालतंय." उत्तर अचूक होतं, दोन ओळींत होतं, आणि मला तर ती थेट आमच्या घराण्याची भाषा वाटली. बिट! मी पॅरामीटरचं पान कुठे असतं ते ऑपरेटरला विचारणार, एवढ्यात ग्रुप खवळला.

माझ्यावर नव्हे. उत्तर देणाऱ्यावर.

"नव्या माणसाला पॅरामीटर सांगतो काय?" "त्या मशीनवर दुसरे प्रोग्रॅम असतील बिनपॉइंटचे, ते कुठं जातील?" "ठोकलं तर तू येणार का स्पिंडल भरून द्यायला?" आणि तो माणूस, ज्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, त्यानं लिहिलं, "चुकलं. पॅरामीटरला हात लावू नका साहेब."

असला प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडे उत्तर बरोबर असलं की बाकी सगळं माफ असतं. माझ्या बाबतीत तर ते चुकलेलं असलं तरी माफ होतं. प्रश्न विचारणाऱ्यानं तोंड धुऊन यावं, एवढीच आमची अट. पण आमच्याकडे वाईट सल्ल्यानं पडतो तो प्रोग्रॅम, आणि तो पुन्हा चालू करता येतो. इथे पडतो तो मशीनचा खर्च, आणि बँक हप्ता मागायची थांबत नाही. म्हणून ती मंडळी सल्ला देणाऱ्याची झडती घेतात. मी सल्ले देतो, त्यामुळे हा रिवाज मला मुळीच पसंत पडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. चाकणवरून कुणीतरी, मागे प्रेसचे ठोके. "दादा, व्हिडिओ कॉल लावतो. मशीनसमोर उभे राहा आणि वरून एकेक ओळ दाखवा. घाई नाही." मी एकेक ओळ दाखवली. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तो म्हणाला, "थांबा. पॉइंट कुठं गेले सगळे?"

मी काही बोललो नाही.

"या कंट्रोलवर पॉइंट नसला की ते मायक्रॉन धरतंय, दादा. पन्नास लिहिलं म्हणजे पन्नास मायक्रॉन. टूल जॉबच्या डोक्यावर केसाएवढं अंतर ठेवून थांबलं असतं. होल्ड कुणी मारला?"

"ऑपरेटरनं."

"त्याला चहा पाजा. आणि पॉइंट काढले कुणी?"

गाळ्यात आम्ही तिघे होतो. मी म्हणालो, "आधीच्या सेटरनं काढले असतील."

मेहुणा खोकला. ऑपरेटर पोरगा छताच्या पत्र्याकडे बघू लागला.

"हां, मग त्याला काही बोलू नका," पलीकडचा म्हणाला. "नवीन असेल. होतं असं सुरुवातीला. बाजूला घेऊन सांगा, म्हणजे पुन्हा नाही करायचा."

मी "हो, हो, सांगतो" म्हणालो.

पोरानं सगळे पॉइंट परत टाकले. बघताना माझ्या लक्षात आलं, की कुठे कुठे होते ते त्याला पाठ होते. मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवत पहिला पीस काढला, व्हर्नियर लावला आणि मान डोलावली. रात्री उशिरापर्यंत माल निघाला. चहाचे पैसे मी दिले. मेहुण्यानं ते देऊ दिले, यावरून काय ते मी समजलो.

शुक्रवारी माल चाकणला पोचला, आणि त्याच दिवशी सेटर मामा यात्रेहून परतले. मला एक गोष्ट सुचलीच नव्हती : मामाही त्या ग्रुपमध्ये होते. बैलगाड्यांच्या धुरळ्यात दोन दिवस न उघडलेला फोन त्यांनी दुपारी जेवताना उघडला आणि सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. चाकणच्या त्या माणसानं तोवर, इतरांना उपयोग व्हावा म्हणून, प्रकरणाचा निकालही लिहून ठेवला होता. त्यात 'आधीच्या सेटरनं पॉइंट काढल्यामुळे' असे शब्द होते.

मेहुण्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला. मामांनी लिहिलं होतं, "बारा वर्षं झाली या लाइनला. पॉइंट मी काढलेले नाहीत. शेठचे दाजी हिंजवडीला प्रोग्रॅमर आहेत, ते बुधवारी येऊन गेले."

मी श्वास रोखून खाली सरकवत गेलो. आता हसरे चेहरे पडणार, कुणीतरी भाकरीवरून बोलणार, हे मला माहीत होतं. मी असतो तर बोललो असतो. खाली चाकणवाल्याचं उत्तर होतं : "असू दे मामा. नवीन आहेत ते. शिकतील." त्याखाली दुसऱ्याचं : "दाजींना ग्रुपमध्ये घ्या की." आणि त्याच्याही खाली, कुणी काहीच विचारलेलं नसताना : "तरी बॅटरी एकदा चेक करा."